विधवा मुलीचं लग्न लावून देणारे मालवणचे संस्कृत पंडित : रामकृष्ण भांडारकर

पुण्यातला भांडारकर रोड सगळ्यांना माहीत असतो. गुगल मॅपवर रोज कुणीतरी तो शोधत असतं. पण ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर मूळचे मालवणचे, हे खुद्द मालवणला फिरायला जाणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. किल्ला, तारकर्ली आणि सुरमई यांच्या गर्दीत हा माणूस मागे पडला.

6 जुलै 1837 ला मालवणात त्यांचा जन्म झाला. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, मालवण रत्नागिरीतच मोडायचं. वडील महसूल खात्यात कारकून. त्यांच्या बदल्यांमुळे घर मालवणातून हललं आणि मुलाला रत्नागिरीच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकायला मिळालं. बदली झाली नसती तर काय झालं असतं, कोण जाणे.

1853 मध्ये ते मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले आणि तिथे एका गुप्त मंडळात सामील झाले. हे मंडळ म्हणजे परमहंस सभा. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तिच्या संस्थापकांपैकी एक. देव एक आहे, जातिभेद खोटा आहे, विधवांना पुन्हा लग्न करता आलं पाहिजे, असं या लोकांचं म्हणणं. सभासद व्हायचं तर परधर्मीयाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा. आज वाचताना गंमत वाटते, पण तेव्हा त्या एका घासावर माणूस जातीबाहेर जायचा. म्हणूनच सगळं बंद दाराआड चालायचं. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून सगळे घाबरले आणि सभा मोडली.

जे विचार चारचौघांत बोलायची सोय नाही, ते पहिल्या धक्क्याला कोसळतात, हे तरुण भांडारकरांनी जवळून पाहिलं. 1867 मध्ये दादोबांचेच भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज निघाला, तो मात्र उघड. भांडारकर लवकरच त्यात आले आणि शेवटपर्यंत त्याचे आधारस्तंभ राहिले. तुकोबांच्या अभंगांवर निरूपण करणारा संस्कृतचा प्रोफेसर, हे दृश्य तिथे नेहमीचं झालं.

शिक्षणात त्यांनी केलेलं काम आजही लोकांच्या हातात आहे. मुंबई विद्यापीठाच्या 1862 च्या पहिल्या पदवीधरांमध्ये ते होते, सोबत न्यायमूर्ती रानडे. पुढे शाळेत हेडमास्तर असताना पोरांना संस्कृत शिकवायला नीट पुस्तक नाही हे बघून त्यांनी स्वतःच दोन पुस्तकं लिहिली. सोपा नियम, लगेच वाक्यं, मग भाषांतर, अशी त्यांची पद्धत. पाठशाळेत वर्षानुवर्षं घोकून जे यायचं, ते शाळेतल्या कुठल्याही मुलाला समजून शिकता यायला लागलं. एल्फिन्स्टनला त्यांनी काही वर्षं हंगामी प्रोफेसरकी केली, पण कायमची जागा पीटर पीटरसन या गोऱ्या विद्वानाला मिळाली. डेक्कन कॉलेजात 1882 मध्ये ते प्रोफेसर झाले. 1885 ला जर्मनीच्या गटिंगेन विद्यापीठाने सन्मानाची पीएच.डी. दिली आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

त्यांची खरी देणगी म्हणजे त्यांची विचार करायची पद्धत. ग्रंथ समोर आला की तो कोणत्या काळातला, कुणी लिहिला, दुसऱ्या हस्तलिखितात काय पाठ आहे, शिलालेख आणि नाणी काय सांगतात, हे आधी बघायचं. उपनिषदांमध्ये एकच एक सिद्धांत आहे असं प्रत्येक भाष्यकार सांगत आला होता. भांडारकरांनी म्हटलं, ते अनेक काळांतल्या अनेक विचारवंतांचे विचार आहेत, त्यात वेगवेगळे प्रवाह आहेत.

ऐकायला कोरडं वाटतं, पण याचा परिणाम थेट घराघरापर्यंत जाणारा होता. शास्त्र काळानुसार बदलत आलं असेल, तर आजची रूढी अनादी कशी? ती माणसांनी केली, माणसं बदलू शकतात. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीशी शरीरसंबंधासाठी वयाची किमान मर्यादा 10 वरून 12 करायची, एवढाच बदल. त्यावर महाराष्ट्र पेटला. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, असं टिळकांचं म्हणणं. भांडारकर धर्मशास्त्राचे ग्रंथ घेऊनच मैदानात उतरले. गृह्यसूत्रांमधला जुना विवाहविधी जाणत्या वधूसाठीच आहे आणि उशीर केल्याने धर्म बुडत नाही, हे त्यांनी वचनांसह मांडलं. टिळकांनी तो अर्थ खोडून काढायचा प्रयत्न केला. दोघेही संस्कृतात मुरलेले, त्यामुळे वाद रंगला.

त्याच वर्षी भांडारकरांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला.

याचं वजन समजायला त्यांच्याच वर्गमित्राकडे बघावं लागतं. रानडे विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. पण 1873 मध्ये पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं चाललं नाही आणि त्यांनी 11 वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्याच पुढे रमाबाई रानडे झाल्या हे खरं, पण विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. रानड्यांना कमी लेखायचं कारण नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर भले भले नमले आहेत. भांडारकर मात्र स्वतःच्या मुलीच्या बाबतीत नमले नाहीत, आणि यादी चोरीला गेली म्हणून पळापळ व्हावी असं त्यात काही लपवलेलंही नव्हतं.

मुलींच्या शिक्षणाचंही तेच. पुण्याची हुजूरपागा शाळा 1884 मध्ये उभी करणाऱ्यांत रानडे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासोबत भांडारकर होते.

राजकारणापासून मात्र ते लांब राहिले. इंग्रज सरकारने 1911 ला सर केलं, त्यांनी ते घेतलं. राष्ट्रीय विचारांच्या लोकांना हे कधी पटलं नाही आणि ती टीका अगदीच अनाठायी नव्हती.

6 जुलै 1917 ला, त्यांच्या वाढदिवशीच, शिष्यांनी आणि चाहत्यांनी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू केलं. त्यांनी आयुष्यभर जमवलेली पुस्तकं तिथे देऊन टाकली. 1919 मध्ये तिथेच महाभारताच्या संशोधित आवृत्तीचं काम सुरू झालं. देशभरातून हस्तलिखितं आणायची, एकेक श्लोक ताडून बघायचा, जुना पाठ कुठला ते ठरवायचं. हे काम पुरं व्हायला 1966 उजाडलं. भांडारकर त्याआधीच, 24 ऑगस्ट 1925 ला गेले. त्या दिवशी ऋषिपंचमी होती.