फूल नसतानाही झाड ओळखणारे फादर

अबोली, अडुळसा, कोरांटी आणि कारवी ही एकाच कुळातली भावंडं आहेत, हे ऐकून आपल्यापैकी बरेच जण चकित होतील. अबोली केसात माळायची, अडुळसा खोकल्यावर घ्यायचा, कोरांटी कुंपणाला आणि कारवी कुडाच्या भिंतीला. झाडं आपण कामावरून ओळखतो. फादर हर्मेनगिल्ड सांतापाव ती बांधणीवरून ओळखत, आणि हे कूळ त्यांच्या खास अभ्यासाचं.

त्यांचा जन्म 1903 चा, स्पेनमधल्या तारागोना प्रांतातला. तरुणपणीच ते येशू संघात दाखल झाले आणि भारतात आले. लंडनला वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, क्यू इथल्या प्रसिद्ध उद्यानात काम केलं आणि मग मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकवू लागले. तिथे त्यांच्याआधी फादर ब्लॅटर या स्विस जेझुइटांनी वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह उभा केला होता. सांतापावांनी तो वारसा पुढे नेला.

1951 मध्ये मुंबई इलाख्यातल्या अडुळसा कुळावरचा त्यांचा ग्रंथ आला. या कुळाच्या खुणा समजल्या की गंमत वाटते. पानं देठावर समोरासमोर, जोडीजोडीने. फुलाखाली छोटी पानं, म्हणजे सहपत्रं. पुंकेसर दोन किंवा चार. अडुळशात दोन, अबोलीत चार. बोंड वाळलं की तडकतं आणि आतल्या आकड्यांमुळे बिया लांब उडतात. रंग आणि वास यांवर भरवसा ठेवायचा नाही. मोजायचं, चिरून बघायचं, पुन्हा मोजायचं.

कारवीची परीक्षा सगळ्यात अवघड. ती साधारण सात वर्षांनी एकदाच, एकाच वेळी सगळ्या डोंगरभर फुलते, बिया टाकते आणि मरते. मधली वर्षं नुसती हिरवी काठी. जो फुलावरूनच ओळखणार, त्याला ती बाकीची वर्षं दिसणारच नाही. फादरांनी तिच्या फुलण्याचा मागोवा घेतला. 1953 मध्ये खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ निघाला, पुढे पुरंदरवरचाही. एकाच डोंगराकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्यालाच असलं काम जमतं.

1954 मध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची नव्याने उभारणी झाली, तेव्हा सरकारने त्यांना तिथे बोलावलं. पुढे ते संचालकही झाले. त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतलं होतं. 1967 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 1970 मध्ये मुंबईतच ते वारले. भारतीय शास्त्रज्ञांनी अडुळशाच्याच कुळातल्या एका वनस्पतीला त्यांच्यावरून 'सांतापावा' हे नाव दिलं.

मी कॅथलिक, आणि शिकते साहित्य. धर्मगुरूने विज्ञानात काय करावं, हा प्रश्न मला अनेकदा विचारतात. माझ्यापुरतं उत्तर फादरांच्या आयुष्यात आहे: देवाने निर्मिलेल्या गोष्टीकडे नीट, घाई न करता बघणं हीसुद्धा प्रार्थनाच. आणि त्याचा व्यवहारातही उपयोग आहे. रस्त्यासाठी, प्लॉटसाठी उतार साफ करताना जे ओळखता येत नाही त्याला आपण झुडूप म्हणतो आणि तोडून टाकतो. त्यातली एखादी कारवी कदाचित पुढच्याच पावसाळ्यात फुलणार असते.