अध्यक्षीय राज्यपद्धती व डॉ. आंबेडकर

देशाचा कारभार एका खंबीर पुरुषाच्या हाती ठराविक मुदतीपर्यंत सोपवावा, म्हणजे मंत्रिमंडळे पडण्याची व पक्ष फुटण्याची कटकट मिटेल, अशी सूचना आपल्याकडे अधूनमधून पुढे येत असते. सूचना करणारांत विद्वान असतात, तसे रोजच्या अस्थिरतेस कंटाळलेले व्यापारीही असतात. ही सूचना नवी नाही आणि हसण्यावारी नेण्यासारखीही नाही. परंतु तिचा कसून विचार ज्या पुरुषाने केला, त्याचे चरित्र या दृष्टीने फारसे कोणी वाचीत नाही. तो पुरुष सातारच्या शाळेत शिकलेला होता, म्हणून त्याची आठवण येथील वाचकांस देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळाने साताऱ्यास येऊन राहिले, आणि मातोश्री भीमाबाई यांचे देहावसानही तेथेच झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी इंग्रजी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या, पटावर या मुलाचे नाव चढले. पटावर नाव चढले तरी वर्गात इतर मुलांच्या मांडीला मांडी लावून बसण्याची मुभा मिळाली नाही. बसावयास स्वतंत्र गोणपाट, आणि तहान लागली तर शिपाई तोटी सोडीपर्यंत वाट पाहणे, असा क्रम होता. १९०१ साली वडिलांस भेटण्यासाठी ही भावंडे खटाव तालुक्यातील गोरेगावी निघाली. मसूर स्टेशनावर त्यांची जात कळताच एकही गाडीवान त्यांस नेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकजण तयार झाला, तोही मुलांनी स्वतः बैल हाकावे या अटीवर. जवळ शिदोरी असून वाटेत पाणी मिळाले नाही, म्हणून मुलांनी ती रात्र उपाशी काढली.

येथे कोणा राजाने जुलूम केला नव्हता. सरकार इंग्रजांचे होते व कायदा सर्वांस सारखा म्हणविला जात होता. जुलूम केला तो गावोगावच्या बहुसंख्य समाजाने. बहुमत म्हणजे न्याय नव्हे, हा राज्यशास्त्राचा धडा डॉ. आंबेडकरांस ग्रंथ हाती येण्यापूर्वीच मिळाला. पुढील आयुष्यात त्यांनी राज्यघटनेचा जो जो प्रश्न हाती घेतला, त्यात ज्याच्या पाठीशी बहुमत कधीच येणार नाही त्याचे रक्षण कोण करणार, ही पृच्छा त्यांनी सोडली नाही.

बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक जमाखर्चाच्या इतिहासावर प्रबंध रचला व तो १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, हा त्याचा विषय. आणि संघराज्याचे मर्म पुष्कळसे याच वाटणीत असते. ज्या देशात ते शिकत होते, तो देश तर अध्यक्षीय संघराज्याचा मूळ नमुना होय. त्याची रचना थोडक्यात सांगू.

अमेरिकेत आज ५० घटकराज्ये आहेत. प्रत्येकास स्वतःचे विधिमंडळ, न्यायालये व लोकांनी निवडलेला गव्हर्नर असतो. घटनेने मध्यवर्ती सरकारास जे दिले नाही व राज्यांस जे मना केले नाही, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहते. सीनेट सभेत लहानमोठ्या प्रत्येक राज्याचे २ सभासद बसतात. प्रतिनिधिसभेतील ४३५ जागा मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेल्या असतात. अध्यक्षाची निवड दर चार वर्षांनी ५३८ निर्वाचकांमार्फत होते. त्याचे मंत्री काँग्रेसचे, म्हणजे तेथील विधिमंडळाचे, सभासद नसतात. काँग्रेस अविश्वासाचा ठराव करून अध्यक्षास घालवू शकत नाही, आणि अध्यक्षही काँग्रेस बरखास्त करू शकत नाही. परंतु तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे असते, मोठ्या नेमणुकांस व तहांस सीनेटची संमती लागते, आणि अध्यक्षाने नाकारलेला कायदा दोन्ही सभा दोन-तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर करू शकतात. अध्यक्ष खंबीर दिसतो खरा, पण त्याच्याभोवती कुंपणेही तितकीच खंबीर घातलेली आहेत. आपल्याकडील पुरस्कर्ते अध्यक्षाचे वर्णन करतात व कुंपणे गाळतात.

१९३० साली लंडनला गोलमेज परिषद भरली, तेव्हा डॉ. आंबेडकर अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून तेथे होते. आणि संस्थानिकांच्या बाजूस सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन बसले होते. त्या चर्चेतून १९३५ चा कायदा निघाला. संयोजित संघसभेच्या ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांस मिळावयाच्या होत्या. सातारा मुंबई इलाख्यात व सांगली संस्थानात. म्हणून कृष्णेच्या एकाच खोऱ्यातील या दोन गावांपैकी एकाचा आवाज निवडणुकीतून उठावयाचा, आणि दुसऱ्याचा त्याच्या राजाने नेमावयाचा. २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत डॉक्टरांनी या योजनेची चिरफाड केली. राज्ये एकत्र बांधली म्हणून प्रजा स्वतंत्र होत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. ते संघराज्य अस्तित्वात आलेच नाही, आणि सांगली मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली.

१९४७ साली अनुसूचित जातींच्या फेडरेशनतर्फे त्यांनी घटनासमितीसाठी एक निवेदन तयार केले. त्यात कार्यकारी मंडळाची मुदत विधिमंडळाच्या मुदतीइतकी पक्की ठेविली होती. लाचलुचपत किंवा राजद्रोह यांवाचून मंत्र्यास काढता येऊ नये, अशी तरतूद होती. पंतप्रधान सर्व सभागृहाने निवडावा, व अल्पसंख्याकांचे मंत्री त्या त्या समाजाच्या सभासदांनी निवडावे, अशीही योजना होती. मुदतीची पक्केपणा अमेरिकेचा, निवड मात्र सभागृहाची. यामागील कारण असे की, इंग्लंडातील बहुमत मतांचे असते व ते बदलते. आपल्याकडील बहुमत जातीचे व धर्माचे असते व ते जन्माने ठरते. अशा बहुमताच्या हाती सर्व मंत्रिमंडळ देणे त्यांस धोक्याचे वाटले.

पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष या नात्याने ४ नोव्हेंबर १९४८ रोजी ते उभे राहिले, तेव्हा त्यांनी दोन्ही पद्धती तराजूत घातल्या. अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, इंग्लिश पद्धतीत जबाबदारी अधिक; दोन्ही सारख्या प्रमाणात कोठेच मिळत नाहीत. आमच्या व्यापारी वाचकांस हे रोजकीर्द व ताळेबंद या शब्दांत लागलीच उमगेल. मुनिमास चार वर्षांचा करार देऊन शेवटी ताळेबंद पाहणे ही एक रीत. रोज संध्याकाळी कीर्द तपासणे ही दुसरी. प्रश्न, ठराव व अविश्वासाची सूचना ही संसदेची रोजकीर्द होय. घटनासमितीने ती पत्करली, व डॉक्टरांनी तिचे समर्थन केले. अल्पसंख्याकांचे रक्षण मूलभूत हक्कांत व न्यायालयात ठेविले गेले. अस्पृश्यता १७ व्या कलमाने नष्ट झाली. घटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाली. स्वीकृतीच्या आदल्याच दिवशी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध त्यांनी देशास सावध केले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी ते निवर्तले.

आता आपल्या दाराशी पाहा. साताऱ्यास २०१६ साली नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडला. २०२० साली राज्य सरकारने थेट निवड रद्द केली व २०२२ साली ती पुन्हा आणली. सांगलीत महापालिका असल्यामुळे महापौरास नगरसेवक निवडतात. म्हणजे एका गावी अध्यक्षीय पद्धतीची छटा व दुसऱ्या गावी संसदीय पद्धतीची. पण साताऱ्याचे नळ थेट निवडीने अधिक वाहतात, किंवा सांगलीचे नाले महापौराच्या निवडपद्धतीमुळे तुंबतात, असे कोणी शपथेवर सांगेल काय? आणि १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून सभासद पक्षादेशाने बांधला गेला, त्यामुळे संसदेची रोजकीर्दही सैल पडली आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून खंबीर अध्यक्षाची मागणी ज्यांस करावयाची असेल त्यांनी ती खुशाल करावी. परंतु तिजोरीची किल्ली कोणाकडे राहणार, मुदतीच्या आत हिशेब कोण मागणार, आणि मसूर स्टेशनावरील त्या मुलांची दाद कोणत्या न्यायालयात लागणार, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागणीबरोबर जोडावीत. उत्तरे नसतील, तर सध्याची कीर्द नीट तपासण्याचे काम नागरिकांनी आपल्या नगरपालिकेपासूनच सुरू करावे, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.