इरावती कर्वे : माणसं एकमेकांना काय म्हणतात, यातून समाज वाचणाऱ्या संशोधक

एका समारंभात इरावती कर्वे यांची पाहुण्या म्हणून ओळख करून दिली जात होती. सासरे कोण, नवरा कोण, स्वतः केवढ्या विदुषी, सगळं सांगून झालं. तरी काहीतरी राहून गेलंय असं त्यांना वाटत राहिलं. मग एकदा रस्त्याने जाताना काही शाळकरी मुलांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चालली आहे, असं एक मुलगा दुसऱ्याला सांगत होता. ओळख पूर्ण झाली ती तेव्हा. हा अनुभव त्यांनी ‘परिपूर्ती’ या लेखात सांगितला आहे.

वरवर पाहता ही साधीशी घरगुती आठवण आहे. पण इरावतीबाईंच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा गाभा तिच्यात सापडतो. माणूस एकटा कुणीच नसतो. तो कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी जाऊ, कुणाचा तरी शेजारी असतो. कोण कुणाला काय म्हणतं, कुणाच्या पंगतीला बसतं, कुणाच्या घरी मुलगी देतं, या रोजच्या व्यवहारांतूनच नाती घडतात आणि त्यातूनच समाज उभा राहतो.

नदीचं नाव, पुण्याचं घर

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या (आजचा म्यानमार) मिंज्यान इथे झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं गेलं. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे ही मैत्रीण मिळाली आणि त्या मैत्रीतून एक घरही मिळालं. शकुंतलाचे वडील म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे. या कुटुंबाने इरावतीला घरच्या मुलीसारखं वाढवलं. रक्ताचं नातं नसताना घर मिळतं, हे तिने लहानपणीच अनुभवलं.

फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली अभ्यास केला. लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. उच्च शिक्षणासाठी सुनेने जर्मनीला जावं, हे स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षींना पटलं नव्हतं. दिनकररावांनी मात्र पाठिंबा दिला आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधल्या कवट्या

तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशांमध्ये उच्च-नीच असते, असं मानणारे हे शास्त्रज्ञ. त्यांच्या विचारांचा पुढे नाझींनी वापर केला. इरावतीबाईंना विषय मिळाला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा. हा फरक गोऱ्या युरोपीय लोकांमध्ये जास्त असतो आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी आहे, अशी कल्पना तेव्हा मांडली जात होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. या फरकाचा वंशाशी काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि गुरूंच्या मताविरुद्ध जाऊन तो लिहिला. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

शरीराची मोजमापं घेण्याची पद्धत त्यांनी भारतात परतल्यावरही सोडली नाही. पण त्यांचं लक्ष हळूहळू आणखी एका गोष्टीकडे वळलं, ती म्हणजे माणसांचं एकमेकांशी वागणं.

मामंजी आणि आत्याबाई

१९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. देशभर फिरून त्यांनी नात्यांचे शब्द, लग्नाच्या रीती आणि कुटुंबातले रिवाज गोळा केले. त्यातून १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. त्यात त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार विभाग पाडले.

हा फरक समजायला सोपा आहे. उत्तरेत मुलगी सहसा परक्या गावात, अनोळखी घरात दिली जाते. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर तिला घुंगट घ्यावा लागतो. माहेर आणि सासर ही तिच्यासाठी दोन वेगळी जगं होतात. दक्षिणेत बऱ्याच समाजांमध्ये मामाशी किंवा आते-मामेभावाशी लग्न होतं. तिथे सासू-सासरे लहानपणापासून ओळखीचेच असतात. साहजिकच सुनेचं घरातलं वागणंही बदलतं.

महाराष्ट्र या दोन्हींच्या मध्ये येतो. इथे बऱ्याच जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न चालतं. मराठी सून सासऱ्यांना मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत आली, यामागे आते-मामेभावंडांच्या लग्नाची हीच जुनी रीत दिसते. प्रत्यक्षात सासरे मामा नसले तरी शब्द टिकला आणि त्या शब्दाबरोबर वागण्याची रीतही.

जातीकडेही त्यांनी असंच पाहिलं. एकाच समाजाचे तुकडे पडून जाती झाल्या, हे त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या मते जात म्हणजे आपापसात लग्न करणाऱ्या नातेवाइकांचा मोठा गट. असे अनेक गट शेजारी-शेजारी राहत गेले आणि हिंदू समाज ठिगळांच्या गोधडीसारखा जोडला गेला.

घरात नुसतं नाव

नात्यांच्या शब्दांचा एवढा अभ्यास करणाऱ्या या बाईंच्या स्वतःच्या घरात वेगळीच रीत होती. नवऱ्याचं नाव घेणं जिथे अवघड मानलं जाई, त्या काळात त्या त्यांना सरळ दिनू म्हणत. मुलं आईला इरू म्हणत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या. शब्द बदलला की वागणं बदलतं, हे घरात रोज दिसत होतं.

महाभारताकडेही त्या नात्यांच्या अंगानेच वळल्या. १९६७ मध्ये आलेल्या ‘युगान्त’मध्ये कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण ही माणसं म्हणून समोर येतात. जन्माने, लग्नाने आणि दिलेल्या शब्दाने बांधलेली माणसं. या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. याच काळात लेक जाई निंबकर यांच्यासह त्यांनी कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली. धरणात शेतं आणि घरं तर जातातच, पण पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजारही उठतो.

वारीतला प्रश्न

समाज वाचताना त्यांना सर्वात मोठा धडा मिळाला तो मात्र पंढरीच्या वाटेवर. त्या एका दिंडीबरोबर पायी चालल्या. अभंग सगळे एकत्र म्हणत. पण ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांचं जेवण वेगळं, मुक्काम वेगळा. तोंडात संतांची समता आणि चुली मात्र दोन. याची खंत इरावतीबाईंना रोज वाटत होती.

त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या आणि एका जेवणाने अंतर कमी झालं. बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, घरची सुखदुःखं सांगू लागल्या. बाईंची त्या ताई झाल्या. पुण्याला आलो की तुमच्याकडे येऊ, असंही काही जणी म्हणाल्या. तेव्हा एका तरुण मुलीने विचारलं, की तिथेही आमच्याशी आत्तासारखंच वागाल का.

प्रश्न साधा होता, पण तो इरावतीबाईंना खोल लागला आणि त्यांनी तो न लपवता लिहून ठेवला. नात्यांवर ग्रंथ लिहिणाऱ्या विदुषीला त्या मुलीने नात्याची खरी कसोटी सांगितली होती. वाटेवर ताई म्हणणं सोपं असतं. ते नातं टिकतं की नाही, हे घराच्या उंबरठ्यावर कळतं.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात इरावती कर्वे यांचं निधन झालं. वारी आजही दरवर्षी त्याच वाटेने जाते आणि त्या मुलीचा प्रश्नही अजून जुना झालेला नाही.