भूमध्य किनाऱ्याचा चित्रकार एडवर्ड लिअर

पावसाळ्यांत धायरीहून सिंहगडाच्या बाजूस पाहिलें असतां डोंगर क्षणांत दिसतात व क्षणांत ढगांआड नाहींसे होतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं हें दृश्य कागदावर उतरविण्याचा यत्न केला असेल, त्यांस तें किती अवघड आहे हें सांगणें नको. १८७४ सालच्या पावसाळ्यांत पुण्यास मुक्काम करून राहिलेल्या एका बासष्ट वर्षांच्या चित्रकाराची हकीकत आम्ही येथें देत आहों.

एडवर्ड लिअर यांचा जन्म १८१२ सालीं लंडनजवळ हॉलोवे येथें झाला. वडिलांस व्यापारांत बूड आली व घरांत मुलें फार. म्हणून थोरली बहीण ॲन हिनेंच त्यांचें संगोपन केलें. त्यांस लहानपणापासून अपस्माराचे झटके येत. दम्याची व्यथा होती, दृष्टीही अधू. अपस्माराची गोष्ट त्यांनीं जन्मभर स्नेह्यांपासून लपविली. ज्या दिवशीं झटका येई त्या दिवशीं रोजनिशींत एक फुली मात्र मांडीत.

विसाव्या वर्षापर्यंत पोपटांच्या चित्रांचें पुस्तक काढून त्यांनीं नांव मिळविलें. पण बारीक कामानें डोळे थकले, व १८३७ सालीं ते रोमला गेले. तेव्हांपासून इटली, ग्रीस, आल्बेनिया, कॉर्सिका असा भूमध्य समुद्राचा किनारा त्यांनीं पायीं, घोड्यावर व गलबतानें पालथा घातला. जागेवर पेन्सिलीनें झरझर रेखाटन करावें, त्यावरच तारीख, वेळ व रंगांच्या खुणा लिहाव्या, आणि शाई व रंग मागाहून भरावे, अशी त्यांची रीत होती. लोकांस त्यांचीं विनोदी पद्यें अधिक आवडत. निसर्गचित्रकार म्हणून जन्म घालविणाऱ्या मनुष्यास हें थोडें बोंचत असावें, असें आम्हांस वाटतें.

जॉर्जिओ कोकाली हा त्यांचा विश्वासू नोकर १८५६ पासून बरोबर असे. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या आमंत्रणावरून १८७३ सालीं दोघे मुंबईस उतरले. हिमालयापासून लंकेपर्यंत प्रवास झाला; लंकेंत जॉर्जिओ आजारी पडला, आणि १८७५ च्या आरंभीं दोघे परतले.

इटलींतील सान रेमो येथें लिअर यांनीं समुद्राकडे तोंड करून घर बांधलें होतें. पुढें समोरच मोठें हॉटेल उठलें व चित्रशाळेंतील उजेड बिघडला. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांनीं दुसरें घर बांधलें! १८८३ सालीं जॉर्जिओ वारला. २९ जानेवारी १८८८ रोजीं लिअर निवर्तले. त्यांचीं हजारों रेखाटनें अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांत जतन केलेलीं आहेत, आणि हिंदुस्थानांतील कागदही त्यांत आहेत.