अंगणातला खेळ, मनातली भीती

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय खुपसून मूल खोपा करते. लाट येते आणि खोपा मोडून जाते. मूल क्षणभर बघते आणि पुन्हा वाळू थापू लागते. मोठ्यांच्या लेखी हा रिकामपणाचा उद्योग. पण हातची गोष्ट गेली तरी ती पुन्हा उभी करता येते, हे मूल अशा खेळातूनच शिकत असते. मुलांच्या खेळाकडे असे गांभीर्याने पाहायला महाराष्ट्राला शिकवण्यात ताराबाई मोडक यांचा वाटा मोठा आहे. गावोगावी रुळलेला अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून पुढे आला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. आई उमाबाई यांचा हा पुनर्विवाह होता. १९१४ मध्ये ताराबाई पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या.

त्या बालमंदिरात छडी नव्हती आणि बक्षीसही नव्हते. भीती आणि आमिष या दोन्हींमुळे मूल मोठ्यांच्या मर्जीने वागू लागते. त्याला स्वतःला काय वाटते ते दडून राहते, अशी त्यामागची दृष्टी होती. मॉन्टेसरी पद्धतीला तिथे गोष्टी, गाणी आणि नाटुकल्यांची जोड मिळाली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले.

याच काळात युरोपात मानसशास्त्रज्ञ मुलांच्या खेळाचा वेगळ्या अंगाने अभ्यास करत होते. लंडनमध्ये डॉ. मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस वाळूचा ट्रे आणि छोटी खेळणी मुलांपुढे ठेवली. मुले त्यातून आपल्या मनातले जग मांडू लागली. १९४७ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी खेळोपचारावर पुस्तक लिहिले. मुलाला घाई न करता, खेळाची दिशा त्यालाच ठरवू देणे हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. लहान मुलाकडे दुःखासाठी शब्द कमी असतात. इंजेक्शनला घाबरलेले मूल घरी बाहुलीला दहा वेळा सुई टोचते. दवाखान्यात ते हतबल होते. खेळात सूत्रे त्याच्या हाती असतात, आणि भीती हळूहळू आवाक्यात येते.

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वंचित वस्त्यांमधली मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया आणि पाने आली. ओळखीचे अंगण आणि ओळखीच्या वस्तू यांमुळे बुजलेली मुले मोकळी झाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हे काम वाढले; गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली.

ताराबाईंचे काम शिक्षणाचे होते, उपचाराचे नव्हे. खेळोपचार प्रशिक्षित तज्ज्ञच करतो: ठरलेली वेळ, सुरक्षित खोली, माती, बाहुल्या, प्राणी, आणि मुलाकडे पूर्ण लक्ष. घरातला मृत्यू, आईवडिलांची ताटातूट, मोठे आजारपण किंवा हिंसा यांतून गेलेल्या मुलांना त्याचा आधार होतो. परंतु दोन्हींचा पाया एकच आहे. मुलाला न दटावता खेळू द्यायचे आणि त्या खेळाकडे बघायचे.

यासाठी घरी महागडी खेळणी लागत नाहीत. रोज अर्धा तास, मोबाइल बाजूला ठेवून, मूल सांगेल तसे त्याच्यासोबत खेळले तरी पुष्कळ. मात्र सुटलेली सवय परत येऊन मूल अंथरूण ओले करू लागले, झोपेत दचकू लागले किंवा कित्येक दिवस खेळेनासेच झाले, तर हट्ट समजून रागावू नये. बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांना दाखवावे. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.