लोकसभेच्या संकेतांचे राखणदार

राज्यघटना छापून मिळते, परंतु संसद ज्या संकेतांवर चालते त्यांतील पुष्कळसे कोठेच लिहिलेले नसतात. ते माणसांच्या वागणुकीतून रूढ होतात. स्वतंत्र भारतात ते रुजविण्याचे काम ज्यांच्या वाट्यास आले, ते गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर आपल्या बडोद्यातच २७ नोव्हेंबर १८८८ रोजी जन्मले.

घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. १९०२ मध्ये दादासाहेब शिक्षणासाठी अहमदाबादेस गेले आणि १९१३ पासून तेथेच वकिली करू लागले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास सोसला. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी सरकारचा पाठिंबा सर कावसजी जहांगीर यांना होता. दादासाहेब ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले.

१५ मे १९५२ रोजी ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. शंकरराव मोरे यांच्याविरुद्ध त्यांना ३९४ मते पडली, मोरे यांना ५५. इंग्लंडात अध्यक्ष झालेला गृहस्थ पक्ष सोडतो आणि त्याच्या मतदारसंघात मोठे पक्ष सहसा उमेदवार देत नाहीत. हा संकेत येथेही यावा, अशी दादासाहेबांची इच्छा होती. परंतु तसे अभय नसताना पक्षाशी नाते तोडणे त्यांना व्यवहार्य वाटले नाही. ते काँग्रेसचे राहिले, मात्र पक्षाच्या वादांपासून अलिप्त. विरोधकांस हे अपुरे वाटणे स्वाभाविकच होते.

सरकारलाही ते भिडस्तपणा दाखवीत नसत. केवळ वेळ अपुरा म्हणून वटहुकूम काढणे ही वाईट परंपरा ठरेल, असे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना लेखी कळविले होते.

डिसेंबर १९५४ मध्ये पक्षपाताचा आरोप ठेवून त्यांना दूर करण्याचा ठराव विरोधकांनी आणला. घटनेनुसार त्या चर्चेच्या वेळी अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष बसले. हा पक्षाचा प्रश्न नव्हे, सभासदांनी पक्षादेश विसरून मत द्यावे, असे नेहरूंनी सांगितले. ठराव फेटाळला गेला. अध्यक्षावरील विश्वास बहुमताच्या जोरावर वसूल करावयाचा नसतो, हे त्या दिवशी दिसले.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. अध्यक्षाच्या बिनविरोध निवडीचा त्यांचा संकेत काही रुजला नाही. पुढील अध्यक्षांनाही मतदारसंघात लढावे लागले. संकेतामागे कायद्याचा दंडुका नसतो. दोन्ही बाजूंनी पाळला तरच तो जगतो.