आवाजाच्या मापात ज्यांचे नाव आहे ते ग्रॅहॅम बेल

टेलिफोनचा शोध लावणारे थोर शास्त्रज्ञ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंड देशात एडिंबरो येथे झाला. त्यांचे वडील लोकांना स्पष्ट बोलायला शिकवत. आईला फार कमी ऐकू यायचे. लहानगा बेल आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू बोलायचा. मग तिला कळायचे.

त्यांचे दोन्ही भाऊ क्षयरोगाने वारले. म्हणून १८७० साली आईवडील त्यांना घेऊन कॅनडात गेले. पुढे बेल अमेरिकेत बोस्टन शहरात बहिऱ्या मुलांना शिकवू लागले. दिवसा शाळा आणि रात्री प्रयोग! १० मार्च १८७६ रोजी त्यांचे बोलणे तारेतून दुसऱ्या खोलीत गेले. ते त्यांचे मदतनीस वॉटसन यांना ऐकू आले.

१८७७ साली त्यांचे मेबल यांच्याशी लग्न झाले. मेबल लहानपणी तापाने बहिऱ्या झाल्या होत्या. म्हणजे ज्यांनी टेलिफोन केला त्यांच्या बायकोलाच तो ऐकू येत नव्हता!

२ ऑगस्ट १९२२ रोजी बेल वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते. पुढे इंजिनियर लोकांनी आवाजाच्या मापाला त्यांचे नाव दिले. एका बेलचा दहावा भाग म्हणजे डेसिबल.

हे माप मोठे गमतीचे आहे. आमच्या नाशिक जिल्ह्यात जत्रेला आणि सप्त्याला भोंगे लावतात. १० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून २० वॅटचा लावला तर आवाज दुप्पट होईल असे वाटते. पण तसे होत नाही! फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणजे थोडासाच मोठा वाटतो. दुप्पट वाटायला सुमारे १०० वॅट लागतात. आणि मोकळ्या मैदानात भोंग्यापासून दुप्पट लांब गेले की ६ डेसिबल कमी होतात. म्हणून लांबच्यांसाठी आवाज वाढवत गेले तर जवळच्यांचे कान जातात. त्यापेक्षा थोड्या थोड्या अंतरावर लहान भोंगे लावावेत.

फार मोठ्या आवाजाने गेलेले कान परत येत नाहीत. ज्यांनी बहिऱ्यांसाठी आयुष्यभर काम केले त्यांचेच नाव आवाजाच्या मापात आहे. मुलांनो, भोंग्याच्या अगदी पुढ्यात बसू नका. बेल यांना माझा नमस्कार!

— इयत्ता ४ थी